गल्लीबोळ वाचणारा साहेब

नगरपालिकेच्या जिन्याजवळ भिंतीवर शहराच्या नव्या विकास आराखड्याचा नकाशा लागला, त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातली पंधरा-वीस माणसं तो बघायला गेली. मी शाळा सुटल्यावर पोचलो. नकाशा भलामोठा आणि रंगीत. पिवळा रंग राहण्याच्या जागेचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा बागा-मैदानांचा. सरकारी भाषेत याला भूवापर नकाशा म्हणतात. शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची, याचा रंगांत लिहिलेला हुकूमच म्हणा ना. आमच्या जुन्या वस्तीवर सरसकट पिवळा रंग फासला होता आणि त्यातून एक जाड पट्टा आरपार गेला होता. पट्ट्यावर लिहिलं होतं, ‘प्रस्तावित रस्ता, १२ मीटर’.

माझ्यासोबत नववीतला एक विद्यार्थी होता. त्याने बराच वेळ नकाशावर बोट फिरवलं आणि विचारलं, “सर, आपली विहीर कुठल्या रंगात आहे?”

विहीर नकाशात नव्हती. पिंजारी जिथे गाद्या पसरून कापूस भरतात ती मोकळी जागा नव्हती. मोहर्रमला ज्या चौकात अलावा पेटतो आणि बाजूच्या आळीतले मराठा-माळी पण नवस फेडायला येतात, तो चौक नव्हता. बायका दुपारी ज्या ओट्यावर बसून विड्या वळतात, तो ओटा नव्हता. हे सगळं पिवळ्यात बुडालं होतं. माझ्या नानीचं घर मात्र नीट दिसत होतं, कारण ते बरोबर पट्ट्याखाली आलं होतं.

हरकत घ्यायची तर लेखी द्यावी लागते, ठरलेल्या मुदतीत. मोहल्ल्यातला मास्तर मीच, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. आता ‘आमचं घर पाडू नका’ एवढंच लिहून कोण ऐकणार? काही आधार हवा म्हणून मी शोधायला लागलो आणि एका जुन्या नावापाशी येऊन थांबलो. बीएडला असताना समाजशास्त्राच्या पुस्तकात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या परिचयात ते नाव एका ओळीत येऊन गेलं होतं. पॅट्रिक गेडिस. त्या वेळी परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो.

गेडिस १८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मले. मूळचे वनस्पतिशास्त्राचे. लंडनला थॉमस हक्सलींच्या हाताखाली शिकले, पण पदवी कधीच घेतली नाही. आमच्याकडे बीएडशिवाय वर्गात पाऊल ठेवता येत नाही, आणि हा माणूस पदवीशिवाय डंडीच्या कॉलेजात तीस वर्षं प्राध्यापक होता! तरुणपणी मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. नंतर ती परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास बसण्याचं काम संपलं. मग ज्या डोळ्यांनी ते पेशी बघत होते त्याच डोळ्यांनी शहर बघायला लागले. झाड जमिनीतून काय घेतं, जमिनीला काय परत देतं, शेजारच्या झाडाशी कसं जुळवून घेतं, हे ज्याला कळतं त्याला गल्ली कळायला वेळ लागत नसावा.

१८८६ साली त्यांचं ॲना मॉर्टनशी लग्न झालं. लवकरच हे जोडपं एडिनबरोच्या जुन्या भागात, गरिबांच्या दाटीवाटीच्या चाळीत राहायला गेलं. चांगल्या वस्तीत बंगला परवडत असताना. तिथे त्यांनी भाषणं दिली नाहीत. भिंतींना चुना लावला, खिडक्यांत कुंड्या ठेवल्या, कचरा उचलला, पडकी घरं डागडुजी करून पुन्हा राहती केली. शेजारीपाजारी आधी हसले असतील, मग हाताला लागले. गेडिस यांचं नगररचनेचं शिक्षण म्हणजे हे. १८९२ मध्ये त्यांनी जवळचीच एक उंच इमारत घेतली आणि तिला ‘आउटलुक टॉवर’ असं नाव दिलं. वरच्या मजल्यावर आरशा-भिंगांच्या यंत्रातून सगळं शहर टेबलावर उमटायचं. आधी शहर बघा आणि नंतर बोला, असा त्यामागचा विचार.

त्यांची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीच्या खोऱ्याचा एक उभा छेद ते काढायचे. माथ्यावर खाणकामगार आणि लाकूडतोड्या, खाली मेंढपाळ, मग गरीब कोरडवाहू शेतकरी, मग चांगल्या जमिनीचा शेतकरी आणि किनाऱ्यावर कोळी. जमीन जशी तसं काम, आणि काम जसं तशी माणसं. स्थळ, काम आणि लोक ही त्यांची त्रिसूत्री. मूळ कल्पना फ्रेंच विचारवंत ल प्ले यांची, गेडिस यांनी ती शहराला लावली. तुम्ही सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून कोकणात एसटीने उतरला असाल तर हा छेद तुम्ही खिडकीतून बघितलेला आहे. गेडिस म्हणायचे की शहरातसुद्धा हेच चालू असतं. कासार, तांबट, रंगारी, खाटीक आपापल्या जागी का बसले याला पाण्याचं, उताराचं, वाऱ्याचं, बाजाराचं कारण असतं. मलिक अंबरने खडकीत नहर खेळवली ती जमिनीचा उतार वाचूनच. नकाशावर रंग नंतर भरले जातात, वापर आधीच चालू असतो.

ते हिंदुस्थानात आले १९१४ साली, वयाच्या साठाव्या वर्षी. आपल्याकडे या वयात मास्तर निवृत्तीचा नारळ घेऊन घरी बसतो. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना शहरांविषयीचं त्यांचं प्रदर्शन घेऊन बोलावलं होतं. जगभरच्या शहरांचे नकाशे, चित्रं, आराखडे असा वर्षानुवर्षं जमवलेला ठेवा ‘क्लॅन ग्रँट’ नावाच्या जहाजातून येत होता. पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. ऑक्टोबरमध्ये जर्मनांच्या ‘एम्डेन’ने ते जहाज बुडवलं आणि सगळे नकाशे अरबी समुद्राच्या तळाशी गेले. मित्रांनी विलायतेत धावपळ करून नवा संच जमवला आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरलं.

ते काय बघायला आले आणि त्यांना काय दिसलं, हे समजायला थोडं मागे जायला हवं.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लखनौचं काय केलं हे उर्दू वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. रॉबर्ट नेपियर या लष्करी इंजिनिअरच्या योजनेने शहराच्या पोटातून रुंद रस्ते कापले गेले. हेतू लपवलेला नव्हता. फौज आणि तोफा सरळ आत जायला हव्या होत्या. दिल्लीत लाल किल्ल्याभोवतीची वस्ती अशीच जमीनदोस्त झाली. आज जामा मशिदीसमोर जो मोकळेपणा दिसतो, तिथे कधीकाळी हवेल्या आणि बाजार होते. पुढे चाळीस वर्षांनी कारण बदललं. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला आणि १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रस्ते काढले, नागपाड्यासारख्या वस्त्या पाडून नव्याने आखल्या. समुद्राचं वारं शहरात खेळलं की रोग जाईल, असं तेव्हाचं शास्त्र सांगत होतं. गंमत म्हणजे त्याच १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो असं मांडलं. त्याचं म्हणणं मान्य व्हायला काही वर्षं गेली. तोवर घरं पडत राहिली. ज्यांची पडली ते शेजारच्या, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरले. गर्दी हलवली गेली, कमी झाली नाही.

म्हणजे गेडिस आले तेव्हा आपल्याकडे शहर सुधारायची एकच रीत होती. टेबलावर नकाशा घ्यायचा, पट्टी ठेवायची, रेघ मारायची.

गेडिस यांनी पट्टी बाजूला ठेवली. ते चालायचे. पहाटे, दुपारी, दिवेलागणीला, त्याच गल्लीतून पुन्हा पुन्हा. हातात गल्लीचा मोठ्या मापाचा नकाशा. कुठलं घर पडकं, कुठलं नुसतं मळलेलं, कुठे विहीर, कुठे झाड, कुठे पार, कुठे देऊळ, कुठे दर्गा, कुठल्या अंगणात ऊन येतं, याच्या खुणा करायचे. डॉक्टर नाडी बघतो तशी ही तपासणी, म्हणून तिला ते रोगनिदानच म्हणायचे. आणि त्यानंतरच्या इलाजाला त्यांनी जे नाव दिलं त्याचं मराठी मी ‘जपून केलेली शस्त्रक्रिया’ असं करतो. हात कुजला असेल तर कुजलेला तुकडा काढा, पण काखेपासून कापू नका. अगदीच मोडकळीला आलेली दोन-चार घरं काढायची, तिथे छोटा चौक करायचा, चौकात झाड लावायचं. बोळ अडत असेल तिथे एखादी भिंत आत सरकवायची. बाकी वस्ती जागच्या जागी.

तंजावरच्या किल्ल्यातल्या वस्तीचं उदाहरण त्यांच्या अहवालात येतं. इंजिनिअरांनी तिथे चौकटीसारखे सरळ रस्ते आखले होते. गेडिस यांनी तीच वस्ती पायी बघितली आणि आपला आराखडा दिला. खर्च आला साधारण सहाव्या हिश्श्याएवढा. इंजिनिअरांचा पैसा जात होता तो चांगली घरं विकत घेऊन पाडण्यात. उरलेल्या जागेचा रस्ता व्हायचा, आणि त्या रस्त्यावर कोण चालणार तर ज्यांची घरं गेली ते.

मुंबई इलाख्यातल्या सहा गावांवरही त्यांनी १९१५ मध्ये अहवाल दिले. त्याच साली मुंबई सरकारने नगररचनेचा कायदा केला. हिंदुस्थानातला असा पहिलाच. त्यातली कल्पना त्या काळी नवी होती. एका भागातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागांसाठी थोडा थोडा हिस्सा सगळ्यांकडून घ्यायचा आणि उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे प्लॉट करून ज्याला-त्याला परत द्यायचे. आजच्या १९६६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही ही तरतूद आहे. एकाचं घर पूर्ण जाण्यापेक्षा सगळ्यांचं थोडं थोडं जाणं बरं, हे आमच्या मोहल्ल्यात कुणालाही पटेल. फक्त हे मोकळ्या जमिनीवर सोपं आणि भरल्या वस्तीत अवघड, आणि अवघड दिसलं की पट्टी पुन्हा बाहेर येते.

तळ्यांबद्दलचं त्यांचं म्हणणं तर आज कुणी वाचायला हवं. मलेरियाचे डास होतात म्हणून गावोगावची तळी बुजवायचा तेव्हा धडाका चालू होता. गेडिस म्हणाले, बुजवू नका. मासे सोडा, बदकं सोडा, ती डासांच्या अळ्या खातील. तळं वस्तीला गारवा देतं, विहिरींना पाणी देतं. बुजवलेल्या तळ्याचा कोरा प्लॉट मात्र कुणाला तरी हवाच असतो. हे शेवटचं वाक्य त्यांचं नाही, माझं आहे.

लखनौ आणि लाहोर या शहरांवरचे त्यांचे अहवाल १९१६ आणि १९१७ सालचे. लाहोरच्या तटबंदीतल्या वस्तीसाठी आखलेल्या पाडापाडीच्या योजनेवर ते भडकले. एरवी मोठ्या गोड स्वभावाचा माणूस, पण त्या अहवालात त्यांचे शब्द बोचरे आहेत. त्यांचं सांगणं असं की हे रस्ते आणि या गल्ल्या कुणी चुकून काढलेल्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या येण्याजाण्यातून, देण्याघेण्यातून त्या घडल्या आहेत. त्या सुधाराव्या लागतील, पण पुसून टाकणं हा अडाणीपणा आहे. दिल्लीत फौजेसाठी आणि मुंबईत प्लेगसाठी जी रेघ मारली गेली, तिच्याकडे एका गोऱ्या माणसाने सरकारी अहवालातच असं बोट दाखवणं, तेही महायुद्ध चालू असताना, ही साधी गोष्ट नव्हती.

१९१७ हे वर्ष त्यांना फार वाईट गेलं. मोठा मुलगा ॲलॅस्डेर, जो बापाबरोबर प्रदर्शन मांडायला हिंदुस्थानात आला होता, एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये लढताना मारला गेला. ॲना तेव्हा इथे विषमज्वराने आजारी होत्या. गेडिस यांनी बायकोला बातमी सांगितली नाही. मुलगा गेल्याचं न कळताच त्या वारल्या. ज्या बाईने एडिनबरोच्या चाळीत भिंतींना चुना लावला, ती या देशात स्वच्छतेच्याच आजाराने गेली.

मला वाटलं होतं यानंतर म्हातारा मायदेशी परत गेला असेल. तो इंदूरला गेला.

इंदूर म्हणजे होळकरांचं, अर्ध्या मराठी बोलण्याचं शहर. तुकोजीराव तिसरे गादीवर होते. प्लेग होताच. दाढीवाला साहेब हातात नकाशा घेऊन गल्लीगल्लीत फिरतो आणि घरांवर खुणा करतो, हे बघून लोक घाबरले. साहेब आला की घर पडतं, हा त्यांचा तोवरचा अनुभव. हाच तो प्लेग आणणारा म्हातारा, अशी कुजबूज सुरू झाली. चरित्रकार सांगतात की गेडिस यांनी हे ऐकलं आणि महाराजांकडे एक अजब मागणी केली. मला एक दिवसाचा राजा करा.

महाराजांनी मान्य केलं. दिवाळी तोंडावर होती. गेडिस यांनी दवंडी पिटवली की या दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल, पण ती हिंदूंच्या नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही आणि मुसलमानांच्याही नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या गल्ल्या सगळ्यात स्वच्छ असतील, जिथली घरं डागडुजी करून रंगवलेली असतील, त्या गल्ल्यांतून जाईल.

मिरवणुकीच्या वाटेवरून आपल्या देशात किती डोकी फुटली आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याने हा डाव नीट बघावा. वाट कुणाच्या हक्काची, हा प्रश्नच त्याने खोडून टाकला आणि वाट कोण कमावतो असा नवा प्रश्न ठेवला. गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. नगरपालिकेने कचरा फुकट उचलून न्यायची सोय केली आणि हजारो गाड्या कचरा निघाला. कचऱ्याबरोबर उंदरांची बिळं गेली, उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीत हत्ती होते, उंट होते, फौज होती. मागून आजारांची सोंगं, पडक्या घरांचे देखावे आणि प्लेगचा एक भलामोठा उंदीर. त्यामागे शहरातले झाडूवाले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घालून, सजवलेल्या गाड्यांसह. एरवी ज्यांची सावली टाळायचे त्यांना फुलांचे हार! त्यामागे नव्या इंदूरच्या आराखड्याचा झेंडा, घरांचे नमुने, कारागिरांच्या गाड्या आणि शेवटी वाटायला रोपं. रात्री उंदीर आणि राक्षस जाळले, दारूकाम झालं.

प्लेग ओसरला. मिरवणुकीमुळे ओसरला, की हंगाम संपत आला होता म्हणून? दोन्ही असेल. विज्ञानाच्या तासाला मी पोरांना हे असंच सांगेन. पण उंदरांची बिळं गेली होती हे खरं, आणि त्यासाठी एकही मोहल्ला पाडावा लागला नव्हता हेही खरं. १९१८ मध्ये इंदूर दरबारला दिलेला त्यांचा अहवाल दोन खंडांचा आहे.

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा विभाग काढला आणि पहिले प्राध्यापक म्हणून गेडिस यांना नेमलं. वर्गात ते म्हणे दाढीत पुटपुटायचे, मागच्या बाकावर काही ऐकूच जायचं नाही. पोरांना ते शहरात हिंडवायचे, नकाशे करायला लावायचे. मालवणकडचे घुर्ये, संस्कृत घेऊन एमए झालेले, मुंबई शहरावर लिहिलेला निबंध घेऊन त्यांच्यापुढे आले. गेडिस यांनी त्यांना विलायतेला शिकायला पाठवायची शिफारस केली, आणि पुढे तेच घुर्ये या विभागाचे प्रमुख झाले. मुंबईतल्या याच वर्षांत हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाची जागा ठरवताना गेडिस यांचा सल्ला घेतला गेला. उर्दू माध्यमातून विज्ञान आणि कायदा शिकवणारं ते विद्यापीठ. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि आपल्याकडच्या कित्येक घरांतल्या आजोबांच्या ट्रंकेत उस्मानियाची सनद निघते. अडिकमेटच्या त्या खडकाळ माळावर ते कुठे उभे राहिले असतील, हे मला आवारात गेलो की आठवतं.

आता मनाला लागलेली गोष्ट. १९१९ मध्ये गेडिस पॅलेस्टाइनलाही गेले. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचा आराखडा त्यांनी झायनिस्ट संघटनेसाठी केला, आणि १९२५ साली तेल अवीवचा. लाहोरच्या गल्ल्यांसाठी भांडणारा माणूस तिथे ज्या राजकारणाच्या कामी आला, त्याची किंमत अरबांनी मोजली. त्यांच्या अहवालाच्या नावात जाफा आधी येतं आणि तेल अवीव नंतर. दोन्ही शहरं एकमेकांना धरून वाढतील असा त्यांचा समज होता. १९४८ मध्ये जाफातल्या बहुतेक अरबांना घरं सोडून जावं लागलं. गेडिस तोवर हयात नव्हते. काही मित्र म्हणतात, मग अशा माणसाबद्दल लिहितोस कशाला? मला वाटतं, लिहिताना हेही लिहावं म्हणून. पायी चालून गल्ली वाचता येते, पण ती जमीन कुणाच्या ताब्यात जाणार हे गल्लीत लिहिलेलं नसतं. ते दुसरीकडे ठरतं. गेडिस आयुष्यभर राजांना आणि सरकारांना अहवाल देत राहिले, गल्लीतल्या माणसाच्या हातात त्यांनी अहवाल ठेवल्याचं फारसं दिसत नाही. म्हणूनच त्यांचे इथले बरेच अहवाल कपाटात पडून राहिले, आणि पट्टी टेबलावर राहिली.

१९२४ साली ते हिंदुस्थानातून गेले आणि दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिएला स्थायिक झाले. पूर्वी एकदा नाकारलेला ‘सर’ हा किताब त्यांनी १९३२ मध्ये घेतला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले.

अर्जाचं काम माझ्या टेबलावर होतंच. मी ठरवलं, रडगाणं लिहायचं नाही. नववीच्या बारा मुलांना आणि आठ मुलींना घेऊन रविवारी फजरनंतर मोहल्ल्यात निघालो. मुलींनी आत जाऊन बायकांकडून माहिती आणली, ती आम्हाला कधीच मिळाली नसती. कुठल्या घरात शिलाई मशीन, कुठे विड्या, कुठे मेहंदीचे कोन, कुठे शेवया. ‘रहिवासी’ म्हणून पिवळ्या झालेल्या पट्ट्याखालच्या एकतीस घरांपैकी एकोणीस घरांत काही ना काही काम चालतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सात घरं खरंच धोकादायक होती. तीही लिहिली. अब्बा म्हणाले, हे कशाला लिहितोस, त्यांना आयतं कारण मिळेल. मी म्हटलं, तीच सात काढली तर रिकामी गाडी वळायला जागा होते, ॲम्ब्युलन्स चौकापर्यंत येते, आणि उरलेली चोवीस वाचतात. नानीचं घर त्या सातांत आहे. हे मी घरी जेवताना सांगितलं, तेव्हा कुणीच काही बोललं नाही.

शिक्षकांच्या खोलीतल्या जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर पोरांनी नकाशा काढला. विहिरीला निळा गोल, अलाव्याच्या चौकाला लाल, ओट्यांना छोट्या रेघा. पिंजाऱ्यांच्या जागेला कुठला रंग द्यावा यावर बराच वाद झाला. कुणी म्हणालं कारखाना, कुणी म्हणालं मैदान, कारण संध्याकाळी तिथेच क्रिकेट चालतं. शेवटी अर्धा जांभळा, अर्धा हिरवा केला. अर्जाला तो नकाशा जोडला, आवक शिक्का घेतला. टेबलापलीकडच्या बाबूने नकाशा उलगडून बघितला, मागच्या बाजूचं २०१९ चं कॅलेंडरही बघितलं, आणि विचारलं, “हा कुठल्या एजन्सीने केला?”

सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. दरम्यान त्या नववीच्या पोराने वर्गात सांगितलं की नकाशात एक चूक राहिली आहे. विहिरीच्या मागच्या भिंतीत उगवलेला पिंपळ आम्ही दाखवलाच नाही. मी म्हटलं, सुनावणीला जाताना नकाशा घेऊन चल, तिथेच काढू.